डेनिस बर्गकॅम्प : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डच फुटबॉलबद्दल काहीही लिहिलं की प्रश्न फिरून बर्गकॅम्पवरच येतात. त्यातले निम्मे त्याच्या विमानाच्या भीतीबद्दल असतात, पाव न्यूकॅसलच्या गोलबद्दल, आणि उरलेल्यांत खरी मजा असते. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

1. नाव नेमकं कसं उच्चारायचं? बर्गकॅम्प, बर्गकाम्प की आणखी काही?

डच माणूस ‘बेर्खकाम्प’च्या जवळपास जाणारं काहीतरी म्हणतो, कारण त्यांचा ‘ग’ घशातून ‘ख’सारखा येतो. इंग्रज समालोचकांनी त्याचं ‘बर्गकॅम्प’ केलं आणि आपण टीव्हीवर तेच ऐकलं, म्हणून इथेही तेच ठेवलं आहे. ‘बेर्ख’ म्हणजे डोंगर. सगळा देश सपाट आणि आडनावात डोंगर!

पहिल्या नावाची गोष्ट जास्त चांगली आहे. वडिलांना मँचेस्टर युनायटेडचा स्कॉटिश खेळाडू डेनिस लॉ फार आवडायचा, म्हणून मुलाचं नाव त्याच्यावरून ठेवायचं ठरलं. लॉच्या नावात एकच ‘न’ आहे. तसं लिहिलं तर मुलीचं ‘डेनीस’ वाटेल, अशी नोंदणी करणाऱ्याची हरकत होती. त्यामुळे बर्गकॅम्पच्या स्पेलिंगमध्ये दोन ‘न’ आले.

2. सगळी कारकीर्द थोडक्यात सांगाल का? तारखा आणि आकडे पुरे.

जन्म 10 मे 1969, अ‍ॅमस्टरडॅम. 1986 ते 1993 तिथलाच क्लब आयाक्स : 239 सामने, 122 गोल. 1993 ते 1995 इंटर मिलान : इटालियन लीगमध्ये 52 सामने, 11 गोल. 1995 ते 2006 आर्सेनल : 423 सामने, 120 गोल. नेदरलँड्ससाठी 1990 ते 2000 : 79 सामने, 37 गोल.

आयाक्सबरोबर 1990 ची डच लीग, दोन डच कप, 1987 चा कप विनर्स कप आणि 1992 चा यूएफा कप. इंटरबरोबर 1994 चा यूएफा कप. आर्सेनलबरोबर 1998, 2002 आणि 2004 ची प्रीमियर लीग आणि चार एफए कप. देशासाठी एकही करंडक नाही. 1988 चा युरो डच संघाने जिंकला तेव्हा तो संघात नव्हता. त्याचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना सप्टेंबर 1990 मध्ये इटलीविरुद्ध झाला.

3. तो स्ट्रायकर होता की मिडफिल्डर?

दोन्हींच्या मधला. डच भाषेत या जागेला ‘सावलीतला स्ट्रायकर’ अशा अर्थाचा शब्द आहे. पुढे एक पक्का गोल करणारा उभा असतो आणि त्याच्या दहा-पंधरा पावलं मागे, बचावफळी आणि मधली फळी यांच्यातल्या मोकळ्या पट्ट्यात हा. बचावपटूने त्याच्या अंगावर यावं तर मागे भगदाड पडतं, न यावं तर त्याला वळायला वेळ मिळतो. सुरुवातीला मात्र आयाक्समध्ये तो उजव्या कडेने खेळायचा.

हे उत्तर लक्षात ठेवा. पुढच्या बऱ्याच प्रश्नांची किल्ली इथे आहे, विशेषतः 5 आणि 12.

4. क्रायफनेच त्याला शोधलं, हे खरं का?

शोधलं म्हणता येणार नाही, तो लहानपणापासून आयाक्सच्याच शाळेत होता. वडील इलेक्ट्रिशियन, घरात चार मुलगे, हा धाकटा. पण पहिल्या संघात आणलं ते आयाक्सचा तेव्हाचा प्रशिक्षक योहान क्रायफनेच, 14 डिसेंबर 1986 ला रोडाविरुद्ध. तेव्हा तो 17 वर्षांचा होता. त्याच मोसमात मे महिन्यात अथेन्सला कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात तो बदली म्हणून उतरला. आयाक्सने लोकोमोटिव्ह लाइपझिशला 1-0 हरवलं, गोल मार्को व्हान बास्टनचा. एका पिढीने दुसरीच्या हातात काठी दिली ती त्या संध्याकाळी, असं मला नेहमी वाटतं. त्यानंतर व्हान बास्टन मिलानला गेला.

क्रायफ 1988 मध्ये गेल्यावर बर्गकॅम्पचे दिवस काही काळ बरे नव्हते. पुढे सूर गवसला तो असा की 1991, 1992 आणि 1993 असे सलग तीन मोसम तो डच लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला (पहिल्या वर्षी रोमारिओबरोबर बरोबरीत). बॅलन डिओर या युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारात 1992 मध्ये तो तिसरा आला आणि 1993 मध्ये रोबेर्तो बाज्जोच्या मागे दुसरा. हे सगळं इंग्लंडला जाण्याच्या आधीचं. ‘आर्सेनलने त्याला घडवलं’ म्हणणाऱ्यांनी एवढे आकडे तरी पाहावेत.

5. मग इंटरमध्ये काय बिनसलं? इतका वाईट खेळला का?

आधी एक दुरुस्ती. पहिल्या मोसमात त्याने यूएफा कपमध्ये 8 गोल केले, त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत तो होता आणि इंटरने तो करंडक जिंकला. त्याच वर्षी इंटर इटालियन लीगमध्ये तेराव्या क्रमांकावर राहिला आणि खालच्या विभागात जाता जाता वाचला. असं विचित्र वर्ष कुठल्याही मोठ्या क्लबच्या वाट्याला क्वचित येतं.

आता खरं दुखणं. आयाक्समध्ये अख्खा संघ एकमेकांना धरून वर सरकायचा. बर्गकॅम्पला चेंडू मिळाला की आजूबाजूला तीन-चार पर्याय असत. इंटर मागे बसून खेळायचा. पुढे दोघांना सोडून दिलं जाई आणि लांबवरून चेंडू पाठवला जाई. ज्या माणसाचा सगळा खेळ दोन फळ्यांमधल्या पट्ट्यावर उभा आहे, त्याला तुम्ही त्या पट्ट्यातून उचलून पुढे एकटा टांगला. सतारियाला ढोल दिल्यासारखं झालं. त्यात प्रशिक्षक बदलत राहिले आणि अबोल स्वभावामुळे इटालियन पत्रकारांशीही त्याचं कधी जमलं नाही. दुसऱ्या मोसमात लीगमध्ये त्याचे गोल फक्त 3.

त्याच्याकडून चूक झाली नाही असं नाही. इटलीत जाताना त्याला वाटलं होतं की क्लब त्याच्यासाठी खेळ बदलेल. कोण बदलतं?

6. विमानाची भीती खरी होती की पैशासाठीचं नाटक?

खरी होती, आणि तिने त्याला पैसे मिळवून दिले नाहीत, उलट खर्चात पाडलं. आर्सेनलशी करार करताना तो विमानात बसणार नाही म्हणून पगारातून रक्कम कापली जायची आणि ते तो मान्य करायचा, असं त्याने स्वतः सांगितलं आहे.

कारण एकच नाही. 1994 च्या अमेरिकेतल्या विश्वचषकाच्या वेळी डच संघाच्या विमानात एका पत्रकाराने बॉम्बची थट्टा केली आणि उड्डाण रखडलं, ही घटना सगळे सांगतात. काहीजण 1989 च्या पारामारिबोच्या अपघाताशीही संबंध जोडतात. त्यात 176 माणसं गेली, आणि डच क्लबांतले सुरिनामी वंशाचे अनेक खेळाडू त्यात होते. आयाक्सचा राखीव गोलकीपर लॉइड डूस्बुर्ग त्यांतला एक. बर्गकॅम्प स्वतः मात्र बोट दाखवतो इंटरच्या दिवसांकडे. बाहेरच्या सामन्यांना जाताना लहान विमानं असायची, हवेत गचके बसायचे, आणि पुढे पुढे तर आठवडाभर आधीपासून त्याच्या डोक्यात सामन्याऐवजी प्रवासच असायचा. आधीच खेळ साधत नव्हता (प्रश्न 5). 1994 नंतर त्याने ठरवलं, बास. मन एकदम मोकळं झालं, असं तो सांगतो.

इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला ‘न उडणारा डचमन’ केलं. ‘उडता डचमन’ हे समुद्रावर भटकणाऱ्या भुताळी जहाजाचं नाव, त्यावरची ही कोटी. पहिल्यांदा बरी वाटते, पाचशेव्यांदा नाही.

7. विमान नाही, मग युरोपातले सामने कसे खेळायचा?

बहुतेक बाहेरचे खेळायचाच नाही. ट्रेनने किंवा गाडीने वेळेत पोचता आलं तर जायचा. 1998 चा विश्वचषक फ्रान्समध्ये होता, तो त्याला सोयीचा पडला. 1996 चा युरो इंग्लंडमध्ये आणि 2000 चा नेदरलँड्स-बेल्जियममध्ये. 2000 च्या यूएफा कपचा अंतिम सामना कोपनहेगनला होता, तिथेही तो खेळला (आर्सेनल पेनल्टीवर गॅलातासराईकडून हरला).

याचा क्लबला तोटा झालाच. मोक्याच्या दूरच्या लढतींत तो नसायचा. आर्सेनलचा प्रशिक्षक वेंगर याने मात्र हे वास्तव म्हणून स्वीकारलं होतं आणि त्याप्रमाणे संघ बसवला होता.

8. 31 व्या वर्षीच राष्ट्रीय संघातून निवृत्ती का?

पुढचा विश्वचषक 2002 मध्ये जपान आणि दक्षिण कोरियात होता. तिकडे ट्रेन जात नाही. 2000 च्या युरोत उपांत्य फेरीत अ‍ॅमस्टरडॅमलाच इटलीविरुद्ध पेनल्टीवर हार झाली आणि तिथेच त्याने थांबायचं ठरवलं. गंमत पुढे आहे : 2001 च्या सप्टेंबरमध्ये डब्लिनला आयर्लंडकडून 1-0 हरल्यावर नेदरलँड्स त्या विश्वचषकाला पात्रच ठरला नाही. सगळा संघ घरी बसला, विमानात बसू शकणारे आणि न बसणारे दोन्ही.

9. अर्जेंटिनाविरुद्धच्या गोलमध्ये एवढं काय आहे? तीनच तर स्पर्श आहेत.

तेच आहे.

4 जुलै 1998, मार्सेय, उपांत्यपूर्व सामना. आपल्याकडे शनिवारची रात्र होती, सामना आठला सुरू झालेला. क्लुइव्हर्टने एक मारला, क्लाउदिओ लोपेसने फेडला. डचांचा नुमान लाल कार्ड मिळून बाहेर गेला. शेवटाकडे ओर्तेगाने व्हान डर सारला डोक्याने धडक दिली आणि तोही बाहेर, दहा विरुद्ध दहा. सगळे जादा वेळेच्या तयारीत. नव्वदावं मिनिट लागत असताना फ्रँक डी बूरने डावीकडून, मागून, पन्नासेक मीटरचा तिरका चेंडू उचलला.

पहिला स्पर्श : धावत असताना उडी मारून उजव्या पावलाने तो चेंडू हवेतच मारला, म्हणजे त्याचा वेग काढून घेतला. इतक्या लांबून आलेला चेंडू त्याच्या पायाशी मऊ उतरला. दुसरा : आयालाच्या पायांतून आत. तिसरा : उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने, गोलकीपर रोआच्या डोक्यावरून लांबच्या कोपऱ्यात.

लोक तिसरा स्पर्श पाहतात. पुन्हा चित्रफीत लावाल तेव्हा फक्त पहिला पाहा, आणि पायाकडे नको, डोळ्यांकडे पाहा. तो चेंडू कुठे पडणार हे ठरवून तिथे आधीच निघालेला आहे. डच रेडिओवरचा समालोचक त्या क्षणी दुसरं काहीच न म्हणता त्याचं नाव ओरडत सुटला होता. भाषा येत नसली तरी ते ऐकावं.

हा त्याचा देशासाठीचा 36 वा गोल. त्याने फास विल्केसचा 35 गोलचा जुना विक्रम मोडला. पुढे क्लुइव्हर्टने त्यालाही मागे टाकलं.

10. त्या सामन्यात त्याने खेळायलाच नको होतं, असं वाचलं. का?

कारण आधीच्या फेरीत, युगोस्लाव्हियाविरुद्ध, तो जमिनीवर पडलेल्या सिनिशा मिहायलोव्हिचच्या अंगावर पाय देऊन गेला. पंचांनी शिक्षा केली नाही. केली असती तर लाल कार्ड आणि मार्सेयला तो प्रेक्षक. हे लपवण्यात अर्थ नाही. ‘आइसमन’ हे टोपणनाव चेंडूसमोरच्या शांततेबद्दल आहे, स्वभावाबद्दल नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये एफए कपच्या सामन्यात वेस्ट हॅमच्या स्टीव्ह लोमासला कोपर मारल्याबद्दल तो बाहेर गेला होता. तो कधीकधी चक्क दुष्टपणे खेळायचा, आणि इंग्लंडमध्ये टिकला त्यात याचाही भाग होता.

11. न्यूकॅसलचा गोल ठरवून केला की नशिबाने झाला?

2 मार्च 2002, सेंट जेम्स पार्क, अकरावं मिनिट. रॉबर पिरेसने चेंडू दिला तेव्हा बर्गकॅम्पची गोलकडे पाठ होती आणि पाठीला निकोस दाबिझास. डाव्या पायाने चेंडूला किंचित टोला, चेंडू दाबिझासच्या एका बाजूने, बर्गकॅम्प गरकन फिरून दुसऱ्या बाजूने. पलीकडे दोघांची भेट, खांद्याने बचावपटूला अडवून धरलं, उजव्या पायाने गोल.

तो चेंडू त्याला हवा होता तसा आला नव्हता, थोडा मागे पडला. यावरूनच ‘नशीब’ म्हणणारे निघतात. त्याचं म्हणणं असं की चेंडू पोचायच्या आधीच वळायचं ठरलं होतं. कसं, ते चेंडूने ठरवलं. मला हे पटतं. फ्लिक एखाद्याच्या पायातून चुकूनही निघू शकते. पण चुकून निघाली असती तर तो पुढच्या अर्ध्या सेकंदात थबकला असता. तो थबकत नाही, थेट चेंडूच्या वाटेवर जातो. 2017 मध्ये बीबीसीच्या प्रेक्षकांनी प्रीमियर लीगच्या पहिल्या 25 वर्षांतला सर्वोत्तम म्हणून हाच गोल निवडला.

12. आर्सेनलसाठी 11 वर्षांत 120 गोल, हे कमीच नाहीत का?

स्ट्रायकर म्हणून मोजलं तर हो. पण तो तसा स्ट्रायकर नव्हता (प्रश्न 3). प्रीमियर लीगमध्ये त्याचे गोल 87 आणि असिस्ट (म्हणजे दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास) 94. राइट, अनेल्का, ऑन्री, युंगबर्ग या सहकाऱ्यांच्या खात्यात जमा असलेल्या गोलांत त्याचा हिस्सा शोधावा लागतो.

मला एकच क्षण निवडायला सांगितला तर मी गोल निवडणार नाही. 4 डिसेंबर 2001, आर्सेनलचं जुनं मैदान हायबरी, युव्हेंटसविरुद्ध. पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी चेंडू त्याच्याकडे आहे, दोन बचावपटू चिकटलेले. तो चेंडू पावलाखाली फिरवतो, एकदा, परत एकदा, घाई नाही. सगळं मैदान पाहतंय की हा काय करतोय. तो थांबलाय युंगबर्गसाठी, जो अजून पोचलेला नाही. युंगबर्ग फळी भेदून धावला, त्या क्षणी पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू त्याच्या वाटेवर. युंगबर्गने फक्त गोलकीपरवरून उचलला. नोंदवहीत गोल त्याचा.

शुद्ध गोलांचीच हौस असेल तर ऑगस्ट 1997 मध्ये लेस्टरला केलेली हॅट्‌ट्रिक पाहा. सामना 3-3 सुटला. त्यातला तिसरा त्या मोसमातला सर्वोत्तम गोल ठरला, आणि त्या मोसमात इंग्लंडमधले खेळाडूंचे आणि पत्रकारांचे दोन्ही सर्वोत्तम खेळाडूचे पुरस्कार त्याला मिळाले. त्या वर्षी आर्सेनलने लीग आणि कप दोन्ही जिंकले. कपचा अंतिम सामना मात्र स्नायू दुखावल्यामुळे त्याला बाहेरून पाहावा लागला.

13. त्याने पेनल्टी घेणं का सोडलं?

14 एप्रिल 1999, व्हिला पार्क, एफए कपची उपांत्य फेरी पुन्हा खेळवली जात होती. मँचेस्टर युनायटेडशी 1-1 बरोबरी, आर्सेनलचा गोल त्याचाच. भरपाईच्या वेळेत पेनल्टी मिळाली, बर्गकॅम्पने ती घेतली आणि युनायटेडचा गोलकीपर पीटर श्मायकेलने ती अडवली. जादा वेळेत रायन गिग्सने जवळपास अर्धं मैदान पळत गोल केला. युनायटेडने त्या वर्षी लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही करंडक जिंकले. लीगमध्ये आर्सेनल एका गुणाने मागे राहिला. त्यानंतर बर्गकॅम्प पेनल्टीच्या ठिपक्यापासून लांबच राहिला. 1998 च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने गोल केला होता, त्यामुळे ‘त्याला पेनल्टी जमायचीच नाही’ हे मात्र खरं नाही.

14. चॅम्पियन्स लीग एकदाही कशी नाही जिंकली?

वेळ चुकली. आयाक्स सोडल्यावर दोन वर्षांनी, 1995 मध्ये आयाक्सने ती जिंकली. आर्सेनल अंतिम सामन्यात पोचला तो 2006 मध्ये, त्याच्या शेवटच्या मोसमात, पॅरिसला, म्हणजे ट्रेनने जाता येईल अशा शहरात. अठराव्या मिनिटाला गोलकीपर लेमानला लाल कार्ड मिळालं, सगळा बेत फिरला आणि बर्गकॅम्प बाकावरच राहिला. बार्सिलोना 2-1 जिंकला.

15. त्याचा शेवटचा सामना नक्की कोणता? वेगवेगळी उत्तरं मिळतात.

काय मोजता त्यावर आहे. शेवटचा गोल : 15 एप्रिल 2006, वेस्ट ब्रॉमविच अल्बियनविरुद्ध. तो दिवस हायबरीवर त्याच्याच नावाने साजरा होत होता, स्टँड नारिंगी झालेले, आणि बदली म्हणून येऊन त्याने शेवटच्या मिनिटांत गोल केला. शेवटचा संघप्रवेश : पॅरिस, पण खेळला नाही (प्रश्न 14). निरोपाचा सामना : 22 जुलै 2006, आर्सेनल विरुद्ध आयाक्स, नव्या एमिरेट्स स्टेडियमवरचा पहिलाच सामना. उत्तरार्धात जुने खेळाडू उतरले. आयाक्सकडून 59 वर्षांचा क्रायफही.

16. पुढे मोठा प्रशिक्षक का झाला नाही?

मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीची त्याला ओढ दिसली नाही. आयाक्समध्ये त्याने मुलांना शिकवलं, 2011 पासून फ्रँक डी बूरचा सहायक होता (हो, तोच लांब पासवाला, प्रश्न 9), आणि त्या जोडीने लीग जिंकल्या. डिसेंबर 2017 मध्ये क्लबने मुख्य प्रशिक्षकाबरोबर त्यालाही काढलं.

17. एमिरेट्सबाहेरचा पुतळा कशाचा आहे?

हवेत उडी मारून चेंडू पायावर झेलणाऱ्या बर्गकॅम्पचा, 2014 मध्ये बसवलेला. जमीन सोडायला घाबरणाऱ्या माणसाला कायमचं हवेत ठेवलंय. कलाकाराने मुद्दाम केलं असेल तर त्याला सलाम. शिवाय बघा, पुतळ्यासाठी गोल मारणारा पाय निवडलेला नाही, चेंडू घेणारा निवडला आहे.

18. आर्सेनलमध्ये 10 नंबर, मग अर्जेंटिनाविरुद्धच्या फोटोत पाठीवर 8 का?

1998 च्या विश्वचषकात डच संघात 10 नंबर क्लॅरेन्स सेडॉर्फकडे होता आणि बर्गकॅम्पकडे 8. फोटो खरा आहे. नारिंगी 10 नंबरचा शर्ट ‘मार्सेयचा’ म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका.